स्टेशनपासून पाच मिनिटं

एका गिऱ्हाइकानं स्मरणिकेचं प्रूफ तपासता तपासता आमच्याकडे अर्धा किलो मटार सोलून दिले, त्या दिवशी आम्ही ठरवलं की आता ऑफिस घ्यायचं.

आम्ही म्हणजे मी आणि माझे साडूभाऊ. धंदा डीटीपीचा. स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका, आणि गणपतीच्या सुमाराला दोन-तीन दिवाळी अंक. साडूभाऊ मजकूर जुळवतात, मी प्रुफं तपासतो आणि वसुलीला दोघं मिळून जातो, कारण एकटा गेला तर गिऱ्हाईक त्याला चहा पाजून परत पाठवतं. सात वर्षं हा कारभार ठाण्यात आमच्या हॉलमध्ये, डायनिंग टेबलावर चालला होता. साडूंबरोबर भागीदारी करण्याचा मोठा फायदा असा की सासूबाई दोघांना मिळून एकच असतात. तोटाही तोच.

सासूबाई आमच्याकडे असतात आणि हॉलमध्ये बसतात. आलेला माणूस गिऱ्हाईक आहे, पाहुणा आहे की गॅसवाला, असला भेद त्या मानत नाहीत. उंबऱ्याच्या आत आला की त्याच्या हाताला काम. मटारवाले गृहस्थ एका पतपेढीचे संचालक होते. पुढ्यात परात, मांडीवर प्रूफ, शेंगा सोलता सोलता त्यांनी अध्यक्षांच्या मनोगतातल्या चार चुकाही दाखवल्या. जाताना म्हणाले, "ऑफिस अगदी घरगुती आहे हो तुमचं." हे कौतुक होतं की तक्रार, ते तेव्हा कळलं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं काम दुसरीकडे गेलं, तेव्हा कळलं.

शिवाय कुकर होताच. फोनवर दराची घासाघीस ऐन रंगात यावी आणि तिसरी शिट्टी व्हावी. पलीकडचा माणूस "जेवून घ्या, मग बोलू" म्हणून फोन ठेवायचा आणि तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाकडून दर काढायचा. आणि गणपतीत डायनिंग टेबल मखराला लागायचं. दिवाळी अंकांची पानं लावायची ऐन घाई, आणि आमचा कॉम्प्युटर बेडरूममध्ये उशांवर.

घरी विषय काढायचं काम साडूभाऊंकडे होतं. थोरले जावई ते. त्यांनी तो जरा भारदस्तपणे काढला. "आम्ही कार्यालयासाठी जागा बघतोय."

"कुणाचं ठरलं?" सासूबाईंनी विचारलं.

यात त्यांची काही चूक नाही. कार्यालय म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे टेबलखुर्ची येतच नाही, मठ्ठा आणि जिलबी येते. दुसरा शब्द दप्तर. तो फारसीतून आला, नोंदवहीसाठी, कागदपत्रांसाठी. पुण्यातल्या पेशवे दप्तराची इमारत 1891 सालची; आत अख्ख्या राज्याचा जमाखर्च कापडी रुमालांत बांधून ठेवलेला आहे. गाठ मारली की ऑफिस बंद, गाठ सोडली की सुरू. आता दप्तर हे नाव शाळेतल्या पोराच्या पाठीवर गेलं, आणि ज्याला दप्तर म्हणायचे त्याला सुपर बिल्टअप म्हणतात.

सुपर बिल्टअप हा शब्द आम्हाला एजंटनं शिकवला. एजंट म्हणजे एक स्कूटर, दोन मोबाइल आणि चाळीस-पन्नास किल्ल्यांचा जुडगा. आम्ही त्याला आमच्या धंद्याचं स्वरूप, येणारी माणसं, कामाच्या वेळा हे सगळं समजावून सांगत होतो. त्यानं हात वर करून थांबवलं. "साहेब, बजेट बोला. धंद्यावरून जागा ठरत नाही, बजेटवरून ठरते." पुढच्या चार महिन्यांत जे काही ऐकलं, त्यात एवढं एकच वाक्य खरं होतं. दुसरं वाक्य तो प्रत्येक जागेला म्हणायचा, "स्टेशनपासून पाच मिनिटं."

पहिली पाच मिनिटं घोडबंदर रोडवर निघाली. ठाणं ज्यांना माहीत आहे त्यांनी हसून घ्यावं. बाकीच्यांनी एवढंच समजावं की ही पाच मिनिटं मध्यरात्रीनंतरची असतात, रस्ता मोकळा असताना आणि रिक्षावाला तरुण असताना. आम्ही सकाळी साडेदहाला निघालो आणि सव्वाअकरा वाजून गेल्यावर पोहोचलो.

इमारत काचेची. साडूभाऊंनी ती रस्त्यातूनच बघितली आणि भांग नीट केला. खाली लॉबी एवढी, की दोन मुंजी एका वेळी लागाव्यात आणि भटजींनी एकमेकांना डिस्टर्ब करू नये. गेटवर आमचे फोटो काढले, मोबाइलवर ओटीपी आला, तो सांगितला, मग लिफ्ट. आमचे नेहमीचे गिऱ्हाईक म्हणजे एका उत्सव मंडळाचे बाहत्तर वर्षांचे अध्यक्ष. त्यांच्याकडे ओटीपी मागितला तर ते काय देतील, याचा मी मनात विचार करत होतो.

"पाचशे फूट," एजंट म्हणाला.

साडूभाऊंच्या खिशात कायम मेजर टेप असतो. का असतो ते मी कधी विचारलं नाही. त्यांनी तो काढला, मी दुसरं टोक धरलं. दोनदा मोजलं. 280 भरलं.

"उरलेले 220?"

एजंटनं आम्हाला परत खाली नेलं आणि लॉबी दाखवली. लिफ्ट दाखवली. जिना, पॅसेज, वॉचमनची खुर्ची आणि दोन पामची झाडं दाखवली. आमचे 220 फूट असे इमारतभर विखुरलेले होते. त्यांचं भाडं आम्ही द्यायचं. त्यावर बसता मात्र येणार नव्हतं, कारण तिथं बसायला मनाई असल्याची पाटी होती.

कार्पेट म्हणजे जिथं सतरंजी अंथरता येते ती जागा, अशी आपली साधी समजूत. 2016 च्या रेरा कायद्यानं तिला नीट व्याख्येत बसवलं आणि बिल्डरला जागा विकताना कार्पेटचाच हिशोब द्यायला लावला. त्या व्याख्येत आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जाडीही धरतात, म्हणजे कायद्याची सतरंजी भिंतीतूनसुद्धा जाते. पण निदान ती लॉबीत तरी जात नाही. भाड्याच्या बाजारात एजंट मंडळी अजून जुन्याच पंथाची. भाडं सुपर बिल्टअपवर, मेंटेनन्स सुपर बिल्टअपवर आणि वर 18 टक्के जीएसटी. ज्याचा जीएसटी नंबर आहे तो हा कर आपल्या करातून वजा करून घेतो. आमची उलाढाल वीस लाखांच्या आत. इतकी आत की वीस लाखांचा उंबरठा आम्हाला दुर्बिणीतून दिसतो. त्यामुळे नंबर नाही आणि वजावटही नाही.

आत काही नव्हतं. फरशी नाही, छत नाही, दिव्याचा होल्डर नाही. "बेअर शेल आहे," एजंट म्हणाला. म्हणजे नुसती करवंटी. खोबरं आपण आणायचं, आणि तीन वर्षांच्या लॉक-इननंतर जाताना खरवडून न्यायचं. खिडक्या उघडत नव्हत्या. एसी सगळ्या इमारतीचा मिळून एक, तो संध्याकाळी सातला बंद, रविवारी पूर्ण बंद. आमच्या धंद्यात सातला दिवस सुरू होतो. मंडळांचे कार्यकर्ते नोकऱ्या आटपून, घरी चहा घेऊन, प्रूफ हातात धरून येतात ते साडेआठला. त्या काचेच्या डब्यात एसीशिवाय सातआठ कार्यकर्ते बसवले असते, तर स्मरणिकेत श्रद्धांजलीची पानं वाढली असती.

साडूभाऊ खिडकीशी उभे राहून येऊरचे डोंगर बघत होते. "क्लायंटवर इम्प्रेशन पडेल," ते म्हणाले. सात वर्षांत एकाही क्लायंटनं आम्हाला डोंगर विचारलेला नाही. सगळे एकच विचारतात, उद्या मिळेल का.

मग को-वर्किंग. साडूभाऊंच्या मुलानं सुचवलं. 2005 साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणानं पहिली अशी जागा सुरू केली, कारण त्याला नोकरीचं स्वातंत्र्य आणि ऑफिसातली सोबत दोन्ही हवं होतं. पहिला महिनाभर तिथं कुणीही फिरकलं नाही म्हणतात. ठाण्यातल्या जागेत तशी अडचण नव्हती. तिथं इतकी माणसं होती की आम्हाला हॉट डेस्क मिळालं. हॉट डेस्क म्हणजे लोकलची चौथी सीट. आहे असं म्हणायचं, टेकायचं, आणि शेजारचा उठला की आत सरकायचं.

महिनाभर राहिलो, म्हणून अधिकारवाणीनं लिहितो. जागा स्वच्छ. संडास सुंदर, तेवढ्यासाठी मेहुणीबाईंनी दहापैकी नऊ गुण दिले. बसायला बीनबॅग होत्या. माझं वय पंचावन्न. बीनबॅगमध्ये बसणं जमलं, त्यातून उठण्याला दोन तरुण लागले; दोघंही आपापल्या स्टार्टअपचे संस्थापक होते. सगळ्यांच्या कानांत इअरफोन, त्यामुळे शांतता एवढी की साडूभाऊंनी सवयीप्रमाणे "अहो, 'आशीर्वाद'ला रफार कशावर?" असं मोठ्यांदा विचारलं, तेव्हा तीस माना वळल्या. रफाराचं उत्तर एकालाही येत नव्हतं. कॉफीचं मशीन फुकट, पण चहा नाही. खालच्या टपरीवरचा पोऱ्या कटिंग घेऊन वर आला, तर त्याला रिसेप्शनवर व्हिजिटर पास भरायला लावला. आईचं नाव विचारल्यावर तो चहा तिथंच ठेवून पळाला.

आम्हाला खरं बुडवलं ते मीटिंग रूमनं. ती तासावर. महिन्याला काही तास फुकट, पुढे पैसे. दहाव्या दिवशी मंडळाचे लोक प्रूफ घेऊन आले. चौघांच्या खोलीत सात. विषय एवढाच होता की कार्याध्यक्षांचा फोटो उपाध्यक्षांच्या फोटोहून किती मिलिमीटर मोठा असावा. घरी हा वाद तीन तास चालतो, मध्ये सासूबाई पोहे देतात, सगळे थंड होतात. इथं काचेच्या बाहेर पुढची पार्टी घड्याळ दाखवत उभी. आम्ही चार तास बसलो. महिन्याचे फुकट तास संपले, पुढच्या महिन्याचेही संपले. छपाई तर पानावर. 96 पानांची तीन प्रुफं काढल्यावर जे बिल आलं, तेवढं आम्ही त्या स्मरणिकेचं लावलं नव्हतं.

मध्येच साडूभाऊंना व्हर्च्युअल ऑफिसची हुक्की आली. यात जागा नसते, पत्ता असतो. कागदपत्रांपुरता, टपालापुरता. बाहेरगावच्या कंपनीला सोयीचं आहे, नाही म्हणत नाही. पण आमचं गिऱ्हाईक पत्त्यावर विश्वास ठेवणारं आहे. ते खरोखर तिथं जाईल, आमचं नाव विचारील, आणि कुणी ओळखलं नाही तर आगाऊ रक्कम बुडाली असं गावभर सांगेल. मी नको म्हटलं. या संपूर्ण प्रकरणात माझं ऐकलं गेलं ते एवढंच.

नंतरची पाच मिनिटं वागळे इस्टेटमध्ये होती. इथं मात्र मी हरखलो. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 सालचं, आणि वागळे इस्टेट ही त्यांच्या अगदी पहिल्या वसाहतींपैकी. एके काळी इथल्या भोंग्यावर अर्धं ठाणं जेवायला बसायचं. आता बऱ्याच कारखान्यांच्या जागी आयटीच्या इमारती आल्या, पण अधूनमधून जुने गाळे आहेत. गाळा म्हणजे खरी जागा. शटर वर केलं की चौदा फूट उंची. पोटमाळा. थ्री फेज वीज. मालाची लिफ्ट अशी की तिच्यात आमचं सगळं ऑफिस मावलं असतं. तशी चौकशीही साडूभाऊंनी केली. भाडं आवाक्यातलं. कार्पेट तेच बिल्टअप, कारण गाळ्यात लपवायला काही नसतं.

शेजारी पत्र्याचे भाग ठोकणारं प्रेस मशीन होतं. दर चार सेकंदांनी ठाक. ट्रायलसाठी लॅपटॉप उघडला तर ठाक झालं की स्क्रीनवरचा अनुस्वार हलायचा. "सवय होईल," साडूभाऊ म्हणाले. "ठेका आहे त्याला." संडास पॅसेजच्या टोकाला, पाच गाळ्यांत मिळून एक, किल्ली एका मोठ्या बोल्टला बांधलेली, हरवू नये म्हणून. आम्ही दोघं पुरुष तेवढ्यावर खूश होतो. टोकन द्यायला निघालो होतो.

आमच्याकडे टायपिंगला एक मुलगी येते, दिव्याहून. बावीस-तेवीस वर्षांची. तिला जागा दाखवायची हे खरं तर आमच्या डोक्यातच नव्हतं. ती त्या दिवशी पेनड्राइव्ह द्यायला आली म्हणून बरोबर आली. तिनं गाळा बघितला, बोल्ट बघितला आणि काही बोलली नाही. परतताना साडेआठ झाले होते. मुख्य रस्त्यापर्यंत चालत आलो, शेअर रिक्षाची वाट बघत उभे राहिलो. वीस मिनिटांनी ती म्हणाली, "काका, गाळ्यापासून इथपर्यंत नऊ खांब आहेत. दोनच चालू आहेत."

आम्ही भाडं मोजलं होतं, फूट मोजले होते, प्रेस मशीनच्या ठोक्यांमधले सेकंदसुद्धा मोजले होते. हे मोजायचं असतं, ते दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. गाळा तिथंच संपला. त्या दिवसापासून जागा बघायला ती आधी, आम्ही मागून.

पागडीची एक जागा बघितली, तिची हकिगत थोडक्यात सांगतो. 1947 च्या कायद्यानं भाडी गोठली, पागडी टेबलाखालून चालली, आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 ला लागू झाला तेव्हा तिला उजळ माथ्यानं फिरायची मुभा मिळाली. भाडं महिन्याला 85 रुपये. ऐकून साडूभाऊंनी बारा महिन्यांचं आगाऊ देतो म्हटलं. पागडीचा आकडा ऐकून पाणी मागितलं. एका राहत्या सोसायटीतला फ्लॅटही बघितला. सेक्रेटरी म्हणाले, व्यवसायाला सोसायटीची एनओसी नाही, पण आमचा अहवाल तुम्ही फुकट करून दिलात तर विचार करू. हे घरगुती ऑफिसहूनही घरगुती झालं असतं.

शेवटी नौपाड्यात मिळाली. एका जुन्या इमारतीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. खाली पोळीभाजी केंद्र, मधल्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आणि गणिताचे क्लास. खोली 190 फूट, आणि हे 190 फूट साडूभाऊंच्या टेपनंही 190 भरले. मालक निवृत्त मास्तर. खिडकी उघडते. संडास आतला. रस्त्यावरचे सगळे दिवे चालू. मुलीनं येऊन खात्री केली. स्टेशनपासून चालत चौदा मिनिटं, हेही तिनंच बघितलं, मोबाइलवर.

सासूबाईंना दाखवल्याशिवाय टोकन देणं शक्य नव्हतं. त्या दोन मजले चढून आल्या, दम घेतला आणि विचारलं, "दार कुठल्या दिशेला?" साडूभाऊंनी मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. मास्तरांचं लोखंडी कपाट दाराजवळच होतं. काटा कपाटाकडे वळला, मग दाताच्या डॉक्टरांकडे, मग परत कपाटाकडे. दार क्षणात दक्षिणेला, क्षणात ईशान्येला. सासूबाईंनी तेवढ्यात खिडकीतून खाली डोकावून पोळीभाजी केंद्राचा दर विचारून घेतला आणि जागा चांगली आहे म्हणाल्या.

करार अकरा महिन्यांचा. अकराच का, हे मी वकिलांना विचारलं. 1908 च्या नोंदणी कायद्यात वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागते, म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट पडली. महाराष्ट्रात 1999 च्या कायद्याचं कलम 55 सांगतं की लिव्ह अँड लायसन्स कितीही महिन्यांचं असो, लेखी हवं आणि नोंदलेलं हवं. म्हणजे पळवाट बंद झाली, पण लोक अजून तिच्यावरूनच चालतात. कारण गेलं, सोवळं राहिलं. मुद्रांक शुल्क पाव टक्का. भाडं 14 हजार, डिपॉझिट 50 हजार. अकरा महिन्यांचं भाडं, त्यात डिपॉझिटचे वर्षाला दहा टक्के धरायचे, त्यावर पाव टक्का. चारशेच्या आत-बाहेर. नोंदणी फी हजार. माणूस घरी मशीन घेऊन आला, सगळ्यांचे अंगठे घेतले. मास्तरांचा अंगठा चारदा उमटेना, चाळीस वर्षं खडू धरून रेषाच गेल्या होत्या. सरकारनं हे सगळं करून दीड हजारात आटपलं. एजंटनं एक महिन्याचं भाडं घेतलं, 14 हजार. त्यानं एकूण काय केलं, तर चार महिने आम्हाला पाच मिनिटं दाखवली.

जागा मिळाल्यावर साडूभाऊंना केबिन हवीशी वाटली. 190 फुटांत. 1968 साली रॉबर्ट प्रॉप्स्ट नावाच्या अमेरिकन माणसानं हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येणाऱ्या पार्टिशनांचं ऑफिस काढलं होतं. माणसाला मोकळं हलताबोलता यावं हा हेतू. कंपन्यांनी त्याच फळ्यांची खुराडी केली आणि म्हातारपणी प्रॉप्स्टसाहेबच त्यावर वैतागले. साडूभाऊंना मी हे सांगितलं. ते म्हणाले, त्यांचा सुतार नीट नसेल. आमच्या सुतारानं तीन बाय पाचची केबिन केली. आत खुर्ची गेली, खुर्चीवर साडूभाऊ गेले, आणि दार लागेना. दार लावायचं तर गुडघे बाहेर ठेवावे लागायचे. तीन दिवस त्यांनी तसे ठेवले. आता केबिनमध्ये कागदाची रिमं आहेत.

शॉप अॅक्ट उतरवला. जुन्या लोकांच्या तोंडी तेच नाव. खरं तर 2017 चा कायदा आला तेव्हा दहाहून कमी माणसांच्या धंद्याला पूर्ण नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरे, असं झालं. पावती फ्रेम करून लावली. 2022 च्या दुरुस्तीनंतर लहानात लहान दुकानाचा नामफलकही मराठीत, देवनागरीत, आणि इतर लिपीहून लहान नसलेल्या अक्षरात लागतो. आमचा फलक मराठीतच होता, इंग्रजी अक्षर औषधालासुद्धा नाही, त्यामुळे त्या बाजूनं निर्धास्त. फ्लेक्स आम्हीच जुळवला, मी दोनदा तपासला. खाली ठळक ओळ, "शुध्दलेखन तपासून मिळेल."

फलक लावून सगळे पेढे खात होतो. मास्तर खाली उभे राहून वर बघत होते. मग ते आत गेले, स्टूल आणलं, त्यावर चढले आणि लाल पेनानं "शुध्द"खाली रेघ मारली. "द ला ध," ते म्हणाले. "ध ला द नव्हे. शुद्ध." पेढा हातातच राहिला. नवा फ्लेक्स 350 रुपयांना पडला. जुना पावसाळ्यात खिडकीला बांधला होता, लाल रेघेसकट.

दहा महिने झाले. दोन मजले चढून अध्यक्ष येतात, प्रत्येक वेळी लिफ्टबद्दल बोलतात, आणि पुढचं काम देतात. चहा टपरीवरचा पोऱ्या आणतो, पास न भरता. सासूबाई बुधवारी येतात आणि केबिनच्या दारात बसून येणाऱ्याला शेंगा देतात. पतपेढीचे संचालक परत आले. म्हणाले, "आता कसं ऑफिस वाटतं." आणि परात ओढून घेतली.

मागच्या आठवड्यात आमच्या या इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी एक मजकूर जुळवायला घेऊन आले. विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस. विषय एकच, इमारतीचा पुनर्विकास. निम्म्याहून जास्त सभासद राजी आहेत, मास्तरही आहेत. त्यांना लिफ्ट हवी आहे. मुलीनं टाइप केलं, साडूभाऊंनी पान लावलं, मी प्रूफ तपासलं. "सर्व भाडेकरूंनी जागा रिकाम्या करून देण्याबाबत" या ओळीत एक वेलांटी चुकली होती, ती सुधारली. चाळीस प्रती काढल्या. बिल 320 रुपयांचं झालं, ते अजून यायचं आहे.

तेव्हा आम्हाला पुन्हा जागा हवी आहे. भाड्यानं, नौपाड्यात किंवा जवळपास. 200 फूट, सतरंजी अंथरून मोजलेले. उघडणारी खिडकी, आतला संडास, आणि रात्री साडेआठला रस्त्यावर उजेड. लिफ्ट नसली तरी चालेल, पण मग मजला पहिला. कुणाच्या बघण्यात असेल तर जरूर कळवावं. स्टेशनपासून पंधरा मिनिटं लागली तरी तक्रार नाही, फक्त ती घड्याळातली असावीत.